दानीएलमामांची माफी

दानीएलमामांनी दौंड-मनमाड लाइनवर तीस वर्षं वाफेचं इंजिन हाकलं. पुढं काचबिंदूनं डोळे गेले. भाची एंजेला जर्मनीत नर्स होती. तिनं कधीकाळी पाठवलेलं हातभर लांबीचं खेळातलं इंजिन त्यांच्या खोलीत रुळांवर मुकाट गरगरत असे, पण आता मामांना ते दिसत नव्हतं. म्हणून अठ्ठ्याण्णव साली एंजेलानं डिकोडर पाठवला. काडेपेटीएवढी ती पट्टी इंजिनाच्या पोटात बसवली, की इंजिन खऱ्यासारखं फुसफुसणार, शिट्टी देणार. मामा हरखले. इंजिन, पट्टी आणि सोबत आलेला, इंजिन चालवायचा बटणांचा खोका ते रिक्षानं नोहाच्या दुकानात ठेवून आले.

नगरात नोहाएवढा रेडिओ दुरुस्त करणारा दुसरा नव्हता, निदान नोहाला तरी तसंच वाटायचं. पट्टीसोबतच्या जर्मन कागदावर एक चित्र होतं: मोटरीची तार इंजिनाच्या सांगाड्याला जोडलेली आणि त्यावर ठळक लाल फुली. नोहानं ते पाहिलं. पाहून हसलासुद्धा. पंधरा वर्षं रेडिओत एक तार बॉडीलाच जोडत आलेल्या माणसाला हे गोरे काय शिकवणार! त्यानं तार थेट सांगाड्याला सोल्डर केली, इंजिन रुळावर ठेवलं आणि बटण दाबलं. शिट्टी नाही, फुसफुस नाही. फक्त धुराची एक रेघ वर आली आणि जळका वास सुटला.

अर्ध्या तासात मामा येणार होते. नोहानं पंखा लावला, शेजारच्या काकासाहेबांकडून उदबत्ती मागून आणली आणि मामा आल्यावर सांगितलं, "मामा, माल आधीपासूनच मेलेला हाय. पोरीला फसवलं कुणीतरी."

मामा इंजिनावरून एकदा हात फिरवून परत गेले.

आठवड्यानं, शनिवारी दुपारी, मामा काठी टेकत पुन्हा आले.

"नोहा, उद्या चर्चमधी प्रभुभोजन हाय," मामा म्हणाले. "मनात कुनाविषयी अढी ठेवून भाकर घेऊ नये. माझ्या मनात तुझ्याविषयी लई वंगाळ आलं हुतं."

"काय आलं?"

"त्या दिवशी दुकानात उदबत्तीचा वास आला. मनात म्हनलं, नोहानं कधी उदबत्ती लावली? यानंच जाळलं असनार अन् आता लपवतोय. आठ दिस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माफ कर बाबा."

हीच वेळ होती. पाया पडून सांगून टाकायचं. पण पाठीमागं दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि नोहाच्या तोंडून निघालं, "जाऊ द्या मामा. केलं माफ."

केलं माफ! केवढा तो उदारपणा! मामांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. त्या रात्री नोहाला जेवण गेलं नाही. लाज वाटते, लाज वाटते, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. इंजिनाची नाही, त्या दोन शब्दांची.

रविवारी मामा चर्चमध्ये मुद्दाम त्याच्याच शेजारी येऊन बसले. भाकरीची थाळी बाकाबाकावरून फिरत आली. मामांनी तुकडा उचलून तळहातावर ठेवला आणि चाचपत थाळी नोहाच्या हातात दिली. नोहाला तुकडा उचलवेना. थाळी पुढंही सरकवेना.

"मामा," तो हळूच म्हणाला, "मीच जाळला. चित्रात नको म्हनून दाखवलं हुतं, तरी जोडली तार. तुमच्या मनात आलं ते खरं हुतं."

मामांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. तुकडा त्यांनी पुन्हा तळहातावर ठेवला.

मग त्यांनी विचारलं, "मग काल तू माफ कशाबद्दल केलंस रं मला?"

थाळी अजून नोहाच्याच हातात होती. मागच्या बाकावरची माणसं थाळीची वाट पाहत होती.