दोन कमरांमधली दोरी

मी एक जुनी दोरी आहे. दोरीला सुरुवात नसते, मित्रांनो, नुसती दोन टोकं असतात. म्हणून माझी गोष्टही मी टोकाटोकाने सांगते. एक टोक भिंगरीचं. एक तिच्या ताईचं.

भिंगरीचं टोक

सुती धाग्यांना पीळ देऊन मला वळलं आणि तिथून मी एका गच्चीवर आले. चादरी, परकर, शाळेचे मोजे वाळवू लागले. काम बरं होतं, पण कौतुक कोण करणार? कपडे वाळले की शाबासकी उन्हाला मिळते.

मग एके दिवशी त्या घरातल्या दोघी मुलींचा मामा आला. त्याने मला खांबावरून सोडलं, चार पावलांएवढा तुकडा कापला आणि खांद्यावर टाकून निघाला. आता चादरी काय तुझ्या मिशीवर वाळत घालू, असं मुलींच्या आईने मागून विचारलं, पण तो जिना उतरलासुद्धा होता.

मामा पॅडेल शिकवायचा. पॅडेल म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत, मधे जाळी लावून, जोडीजोडीने खेळायचा खेळ. जी जोडी जाळीजवळ ठाण मांडते ती बहुधा जिंकते. मागे राहते ती नुसती चेंडू परतवत बसते. मामाच्या दोघी भाच्या, ताई आणि भिंगरी, जाळीपर्यंत धावायच्या खऱ्या, पण एक पुढे, एक मागे. चेंडू बरोबर मधे आला की दोघीही थांबायच्या.

"पाहुण्यांसारखा आग्रह काय करताय एकमेकींना?" मामा म्हणायचा. "आधी तू घे, आधी तू घे."

त्यावर औषध म्हणजे मी. माझ्या दोन्ही टोकांना त्याने न सरकणाऱ्या गाठी मारून दोन कडी केली. मोठं ताईच्या कमरेचं, लहान भिंगरीच्या. गाठी कधीही सोडायच्या नाहीत, असं त्याने बजावलं. कड्यात पाय घालायचे आणि परकर चढवावा तसं कमरेपर्यंत ओढून घ्यायचं.

मामा पलीकडून टोपलीतले चेंडू टाकी. डावीकडे टाकला की दोघींनी डावीकडे सरकायचं, उजवीकडे टाकला की उजवीकडे. डोक्यावरून उंच गेला की दोघींनी एकदम वळायचं, मागच्या काचेवर आपटून आलेला चेंडू मारायचा आणि पुन्हा दोघींनी मिळून जाळी गाठायची. एक जरी रेंगाळली तरी मी ताठ व्हायचे आणि दुसरीला हिसका बसायचा. पहिल्या दिवशी तर दोघी एकमेकींवर कोसळल्या आणि हसता हसता मामाने टोपली सांडली.

हळूहळू मी सैल राहू लागले. मी सैल म्हणजे दोघी बरोबर, मधली वाट बंद. मामा येईल त्याला सांगायचा, जाळीजवळ या दोघी नाहीतच, चार हातांची एकच बाई आहे.

भिंगरीला एकच ध्यास होता. मोठ्या स्पर्धेत ताईबरोबर उतरायचं. शाळेतून आली की दप्तर फेकून ती आधी मला शोधायची. मी मळले की साबणाने धुवायची. गच्चीवरची सगळी वर्षं मी तेव्हा विसरले.

ताईचं टोक

हे टोक सांगायला नको वाटतं.

दुपारी, भिंगरी शाळेत असताना, ताई कोर्टावर येऊ लागली. बरोबर एक उंच मुलगी. उंच आलेला चेंडू मागे जाऊच न देता तिथल्या तिथे खाली आपटणारी. मामाने भिंगरीचं कडं तिच्या कमरेशी धरून पाहिलं. बसेना.

मग त्याने गाठ सोडली.

चेंडू तेच. डावीकडे, उजवीकडे, मागे, पुढे. मी ताठ. मी सैल. माझ्या मधल्या भागाला काहीच कळत नव्हतं, टोकाला कळत होतं. दुपार संपली की मामा कडं पुन्हा लहान करून मला खिळ्याला अडकवी, आणि संध्याकाळी भिंगरी त्यात पाय घाली. ताई तिच्याशी नेहमीसारखीच हसायची. जरा जास्तच.

एक दिवस मामाला कुणाचा तरी फोन आला. बोलता बोलता त्याने मला तशीच अडकवली.

मधून

भिंगरीने कडं कमरेपर्यंत ओढून सोडलं, आणि ते तिच्या पावलांपाशी पडलं. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा पडलं.

"बारीक झालीस गं," माझ्या दुसऱ्या टोकाकडून ताई म्हणाली. "नीट जेवत जा."

भिंगरी खाली वाकली. तिने मला इतक्यांदा धुतलं होतं की जुन्या गाठीखाली माझा पीळ कुठे चपटा झालाय ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. तो चपटा भाग आता गाठीच्या बाहेर उघडा पडला होता.

"ताई, माझ्या जागी कोण येतं?"

ताईने मामाकडे पाहिलं. मामाने टोपलीत पाहिलं. मग मामाच बोलू लागला. समोरच्या जोड्या उंच चेंडू टाकून टाकून मागे ढकलतात, तुझा हात तिथवर पोचत नाही, स्पर्धेला नावंही देऊन झाली, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

"मग मला रोज कशाला बांधत होतात?"

"ताईचा सराव संध्याकाळीही व्हायला हवा ना, बाळा."

भिंगरी रडली नाही. "सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर चेंडू टाकायला मी स्वतः उभी राहिले असते."

ती कड्यातून बाहेर आली आणि निघून गेली. माझं एक टोक ताईच्या कमरेला, एक जमिनीवर. एवढी लांब मी कधीच नव्हते.

ताई आणि ती उंच मुलगी जिंकल्या. छान जिंकल्या, हे मी नाकारत नाही. मामाने पदक आणून माझ्याच खिळ्यावर लटकवलं. पुढे उंच मुलगी शिकायला दुसरीकडे गेली, तेव्हा ताई मला हातात घेऊन भिंगरीच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"चल ना जाळीवर. आता दुसरी कोणी नाही."

"दुसरी कोणी नाही म्हणून आलीस." भिंगरीने बूट ओढले, नाडी बांधली. "येते मी. पण ही दोरी नको."

आता त्या दोघी खेळतात. भिंगरी उंचही झाली आहे, तिचा टोला ताईपेक्षा जोरकस आहे. पण ताई पुढे धावली की ती क्षणभर थांबते, ही खरंच जातेय का ते बघते आणि मगच निघते. तेवढ्यात मधून चेंडू जातो. मामा पुढचा चेंडू टाकतो, पण मला बोलावत नाही. कोर्टाच्या फाटकाची कडी तुटली आहे, तिथे मी बांधलेली असते.

मित्रांनो, जोड्या बदलतात. उंच हात लागतो तिथे उंच हात घ्यावा, त्यात काही वावगं नाही. पण कुणाची गाठ सोडायची झाली तर ती त्याच्या पाठीमागे सोडू नका. त्याला समोर उभं करा आणि मग सोडा. निदान ती कुणाच्या हातांनी सुटली, एवढं तरी त्याला पाहू द्या.