आत्यांचं पातळ औषध

पावडर आणायची का पातळ औषध, हे माझ्यावर सोडलं, तिथंच माझी सासू चुकली.

सासूला मी आत्या म्हणते. त्रिशलाआत्यांचं वय त्र्याहत्तर. डेंग्यूनं पार गळाल्या हुत्या. वैद्य म्हणाले, अश्वगंधा सुरू करा, पावडर दुधातनं द्या न्हायतर पातळ औषध द्या. "पावडर माझ्या कवळीत अडकती. बघ तू काय ते," आत्या मला म्हणाल्या. नऊ वर्षांत माझ्यावर सोपवलेलं हे पहिलं काम.

मी क्रांती, मराठ्याची पोरगी. अनेकांतशी लग्न करून या जैन घरात आले, तवापासनं आत्यांनी माझ्या हातचं पाणीसुदीक घेतलं न्हवतं. पहिल्याच दिवशी बजावलं, "या घरात मद्य, मांस, मध चालत न्हाय. तुमच्याकडं काय काय शिजतं कुणास ठाऊक." ते मी गिळलं. पण माझी आई कुरुंदवाडहून पहिल्यांदा मला बघाय आली, तवा आत्यांनी तिला बाहेर पोर्चमधी बसवलं आणि कागदी कपात चहा पाठवला. आतल्या फळीवरचे स्टीलचे कप आईला तिथनं दिसत हुते. चहा पिऊन "बरं हाय की घर" म्हणाली आणि एसटीनं गेली. पुन्हा आली न्हाय. दोन वर्षांनी वारली. तो राग माझ्या पोटात तसाच हाय.

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला सांगितलं, घरात जैन म्हातारी हाय. तसा तो म्हणाला, "मग पावडरच न्या ताई. पातळात मध असतोय. शिवाय आंबवून करत्यात, त्यात थोडी दारू आपसूक तयार हुती. लेबलावर लिवलंय बघा."

मी लेबल वाचलं. दोनदा वाचलं.

"पातळच द्या," म्हटलं.

घरी येऊन बाटली पाण्यात भिजवली, लेबल खरडून काढलं. मग रोज दोन येळा, दोन चमचे औषध, दोन चमचे पाणी. "गोड हाय की गं," आत्या म्हणाल्या. "हाय की," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटायचं.

महिन्याभरात आत्या जिना चढाय लागल्या. गल्लीत सांगत सुटल्या, क्रांतीच्या हाताला गुण हाय. एक दिवस माझ्या हातची भाकरी मागून खाल्ली. दया यायला पायजे हुती. न्हाय आली. वाटलं, चढू दे अजून वर, पडताना लागलं पायजे.

भादव्यात दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैनांत लहानथोर एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागत्यात. आत्या दरवर्षी दूधवाल्यापुढंसुदीक हात जोडायच्या, मला वगळून. यंदा घर बायकांनी भरलेलं असताना माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जाणता-अजाणता काय चुकलं असलं तर क्षमा कर, क्रांती."

असलं तर! माझं टाळकं सरकलं. पोर्चमधी बसलेली माझी आई या बाईला आठवत बी न्हाय व्हय? रीतीनं आता मी तेच म्हणायचं हुतं. मी हात जोडले.

"आत्या, माझं अजाणता काय न्हाय. दीड महिना तुमास्नी पाजलं त्यात मध हुता, दारू बी हुती. दुकानदारानं सांगितलतं. जाणून आणलं मी, माझ्या आईसाठी."

कुणीतरी तोंडाला पदर लावला. आत्या रडतील, शिव्या देतील, घराबाहेर काढतील, सगळ्याची मी तयारी ठेवलेली. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या.

"मी बी जाणूनच केलतं," फरशीकडं बघत म्हणाल्या. "वाटलं हुतं, आईचा अपमान बघून तू उठशील आणि तिच्यासंगं निघून जाशील. मला तेच पायजे हुतं." मग मान वर केली. "कागदी कप मी काढला. पण ट्रे तुझ्याच हातात हुता, क्रांती."

बायका माझ्याकडं बघाय लागल्या. खरं हुतं. तो चहा आईला मीच नेऊन दिलता.