राखेखालचं खापर

दोन खापरं एकमेकांत चपखल बसली आणि चित्रलेखाने त्यांच्या पिशव्यांवरच्या नोंदी पुन्हा वाचल्या.

युनीच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या, पुरातत्त्व लॅबमध्ये ती पॅसिफिकमधल्या एका बेटावरून आलेली खापरं धूत असे. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला होता, आणि राखेच्या जाड थराखाली जुन्या पॉलिनेशियन लोकांची मडकी गाडली गेली होती. हातातले दोन्ही तुकडे एकाच मडक्याचे. पण एका पिशवीवर लिहिलं होतं ‘राखेखाली’ आणि दुसरीवर ‘राखेच्या वर’. असं कसं होईल?

पिशव्यांवरचं अक्षर एलायसचं. वसईचा एलायस पीएचडी करत होता. हे कामही तिला त्यानेच मिळवून दिलं होतं. अलीकडे मात्र तो खोदकामाची वही कुणालाच हात लावू देत नव्हता. त्याची सगळी थीसिस राखेखालच्या खापरांवर. वरचं खापर त्याने खालचं म्हणून दाखवलं नसेल कशावरून?

तिचं मन थाऱ्यावर राहिना. त्या वर्षी भारतातून विद्यार्थ्यांची नुसती रीघ लागली होती. ट्रुगानिना उपनगरात ती राहायची त्या घरातही एका मुलाचे व्हिसाचे कागद खोटे निघाले, तर बाकीच्यांचे दोनदा तपासले गेले. उद्या एलायस पकडला गेला, की आपणही त्यात आलोच.

त्याला काही न विचारता ती थेट लॅबप्रमुख एमाकडे गेली.

एमाने त्याला तिच्यासमोरच बोलावलं. पावसात भिजून सुटी झालेली पानं सांभाळत त्याने वही उघडली. एका पानावर चित्र होतं: राखेच्या थरातून आरपार गेलेलं बीळ. शेजारी लिहिलं होतं, ‘खेकडे’.

“बीळ खणताना ते खालचं वर आणून टाकतात, असा मला डाउट होता,” एमाला समजावून झाल्यावर तो चित्रलेखाला मराठीत म्हणाला. “जे जिथे मिळालं, ते तिथलंच लिहिलं. खोटं करायचं असतं, तर दोन्ही खालीच दाखवली असती ना?”

एमा तर खूशच झाली. जुळलेल्या तुकड्यांनी खेकड्यांचा पुरावाच दिला होता. तिने दोघांचंही कौतुक केलं.

बाहेर आल्यावर चित्रलेखा म्हणाली, “सॉरी, एलायस. आधी तुला विचारायला हवं होतं.”

“हो. हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्याने धुवायच्या पिशव्या नेहमीसारख्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या. “No rush,” म्हणाला. तिच्याशी तो इंग्रजीत बोलला, असं पहिल्यांदाच झालं. पुढे तो इंग्रजीतच बोलत राहिला.