मी रद्दीचा खिलार बोलतोय

मित्रांनो, मी एक जुना बैल आहे. जुना म्हणजे म्हातारा नव्हे हं, जुन्या कागदांचा! शिंगांच्या टोकांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत मी सगळा रद्दीचा आहे. पण लांबून पाहाल तर शपथेवर सांगाल, हा अस्सल माणदेशी खिलार आहे म्हणून. उंची खऱ्या बैलाएवढी, वशिंड ताठ, डोळे पाणीदार. थोडी फुशारकी मारतोय खरा, पण मारू द्या. मला दुसरे काम तरी काय आहे?

माझा जन्म तासगावचा. तिथे द्राक्षांच्या बागा. उन्हाने मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून बागायतदार घडांना वर्तमानपत्रे गुंडाळतात. माल उतरला की त्या कागदांचा बांधावर ढीग पडतो आणि कुणीतरी त्याला काडी लावतो. माझ्याही नशिबी काडीच होती. पण समीनाने ते कागद पोत्यांत भरून घरी आणले. म्हणून तर माझ्या पोटात निवडणुकीच्या सभा आहेत, ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती आहेत, आणि डाव्या कुशीत कुणीतरी अर्धवट सोडलेले शब्दकोडे आहे. ते मलाही सुटत नाही.

ही समीना बेदाण्याच्या शेडवर बेदाणा निवडायला जायची. तिच्या सासूबाई हाजराबी. त्यांच्या घरात मोहरमचे ताबूत बांधायची कला पूर्वापार चालत आलेली. कागद कसा ताणायचा, मैद्याची खळ किती शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद किती घालायचे, सगळे हाजराबींच्या बोटांत. सून शिकली ती त्यांच्याकडूनच. आधी शाळांच्या स्नेहसंमेलनांसाठी मुखवटे केले, मग मोर केला, मग एक शेळी केली. त्या शेळीला गल्लीतल्या बोकडाने खरी समजून अशी काही टक्कर दिली, की बिचारी पार चपटी झाली. समीना रडायची सोडून हसत सुटली. तिची ओळख पटावी म्हणून हे सांगितले.

तिच्या शेजारी राणी राहायची. तिचे माहेर म्हसवडचे, वडिलांचे नाव नानासो. एकदा लेकीकडे आलेले नानासो ती शेळी पाहून ओट्यावरच बसले.

“पोरी,” ते म्हणाले, “माझा हिरामण खिलार गेला बघ. सिद्धनाथाच्या यात्रंत दर साली माझा बैल हुबा असायचा. औंदा रिकामा कासरा हातात घिऊन कुटल्या तोंडानं जाऊ? मला हिरामण करून दे. कागदाचा आसंना, पर त्योच वाटाय पायजे.”

समीना मोबाइलवरचे हिरामणाचे फोटो पाहून कामाला लागली. कागद भिजले, कुटले गेले, लगदा झाला. मध्ये एकदा येऊन नानासो माझ्या गळ्याखालच्या पोळीवर हात फिरवून म्हणाले, “लय लोंबतीया. खिलाराची पोळी आखूड.” लगेच माझी पोळी कापली. दुखले नाही, पण मान हलकी वाटली.

हाजराबी मात्र माझ्या पायांकडे बघून कुरकुरायच्या. “आगं, आत कळकाच्या काठ्या घाल. समदा भार पायावरच येतोय.”

“नको अम्मी. मग लोक म्हणतील, बैल कळकाचा आणि वर नुसता कागद. मला निव्वळ कागदाचा उभा करायचाय.”

आणि त्याच दिवशी ती नवऱ्याला, मतीनला, म्हणाली, “हा यात्रेत उभा राहिला तर मी हेच काम करणार. नाही राहिला, तर गप शेडवर जाईन, पुन्हा लगद्यात हात घालणार नाही.” माझे कान नुकतेच चिकटवले होते. आयुष्यात पहिले नीट ऐकले ते हे! तेव्हापासून मी पाय घट्ट रोवून होतो.

पाणी लागू नये म्हणून माझ्या अंगभर व्हार्निश झाले. खूर आणि पायांच्या नळ्या तेवढ्या राहिल्या. वाटेत घासतील, म्हणून त्यांचे व्हार्निश म्हसवडात पोचल्यावर द्यायचे ठरले. मला ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टेम्पोत चढवले. बैलाला हत्तीवर बसवलेले मित्रांनो तुम्ही कधी पाहिलेत का? विट्याच्या चौकात एक फेटेवाला धावत आला आणि माझे वय काढत मतीनला म्हणाला, “काय मालक, बैल किती दाती?”

“वाचून बघा की,” मतीन म्हणाला.

यात्रेच्या आदल्या सकाळी आम्ही नानासोंच्या वस्तीवर उतरलो. मला दारात उभे केले. नानासो माझ्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मग सगळे चहाला आत गेले.

तेवढ्यात नानासोंच्या कारभारीण सुलाबाई घराच्या मागल्या बाजूने पाण्याची घागर घेऊन आल्या. मला पाहिले आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! दारात बैल आला की त्याच्या पायांवर पाणी घालायचे, हळदकुंकू लावायचे, ही त्यांच्या घरची जन्माची रीत. त्यांनी अख्खी घागर माझ्या पुढच्या पायांवर रिकामी केली. गार गार वाटले. मला काय ठाऊक, माझ्या पायांना हे चालत नाही म्हणून!

चहा होईस्तोवर माझ्या नळ्या लिबलिबीत झाल्या. मी सावरायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण गुडघे मुडपले आणि मी पुढून धप्पकन खाली आलो.

आवाज ऐकून सगळे बाहेर धावले. समीनाच्या तोंडचे पाणी पळाले. सुलाबाई कपाळावर हात मारून रडू लागल्या.

“माज्या हातनं काय झालं गं! कागदाचा हाय, ठावं हुतं की मला. पर दारात बैल दिसला, अन् हात आपसूक घागरीकडं गेला.”

समीना उंबऱ्यावर बसली. “संपलं,” ती म्हणाली. “हा काय आता उद्या उभा राहत नाही.” इतके दिवस हसणारी ती पोर, तिचा चेहरा पाहून माझेच काळीज भिजले.

नानासो मात्र लांब जाऊन माझ्याकडे टक लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, “समीना, हिकडं ये. हितनं बघ. बैल उठताना कसा उठतो? आदी मागलं पाय हुबं करतो. फुडनं गुडघ्यावरच आसतो. पोरी, ह्यो पडलेला न्हाई. ह्यो उठतोय!”

समीना उठली. तिने बघितले. आणि एकदम पदर खोचला. ओले गुडघे मुडपलेलेच ठेवून तिने ते नीट घडवले, मान थोडी वर उचलली, दिवसभर उन्हात वाळवले. सुलाबाई शेजारी बसून खळ ढवळत होत्या. हाजराबींना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, “आता तरी काठी घालशील का?” यावेळी समीनाने काठी घातली. संध्याकाळी नळ्यांना व्हार्निश झाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

यात्रेत काय गर्दी माझ्याभोवती! उभ्या बैलाकडे लोक एकदा बघतात आणि पुढे जातात. माझ्याजवळ मात्र थांबत होते, आता उठेल, मग उठेल म्हणून. कोंडीबा नावाचे एक म्हातारे मेंढपाळ फार वेळ थांबले. शेवटी त्यांचा धीर सुटला. “उठ की रं गड्या!” म्हणत त्यांनी माझे शेपूट धरून पिरगाळले, आणि शेपूट त्यांच्या हातातच आले! म्हातारबा दचकून असे मागे सरले की विचारू नका. सगळी यात्रा हसली. समीना तर डोळे पुसत हसत होती.

मग जरा शांत होऊन ती नानासोंना म्हणाली, “पण काका, मी म्हणाले होते, उभा राहिला तरच. हा कुठं उभा राहिला?”

“हुबा न्हाई ऱ्हायला, खरं हाय,” नानासो म्हणाले. “पर त्यो उठतोय, अन् तू बसाय निगालीस व्हय?”

समीना शेडवर पुन्हा गेली नाही. सध्या ती एक घोडा करतेय.

मित्रांनो, मी आता नानासोंच्या गोठ्यात असतो. खोटे कशाला सांगू, यात्रा सरल्यावर थोडी आबाळ झाली. माझ्या शिंगाला छत्री टांगली गेली, वशिंडावर कोंबडी बसू लागली. तुमच्या गावातही माझ्यासारखे कुणी कागदाचे असेल, तर त्याची पाठ कोरड्या फडक्याने पुसा, पावसात बाहेर ठेवू नका, आणि कितीही मोह झाला तरी शेपूट ओढू नका. बाकी माझे बरे चालले आहे. सकाळी नानासो गोठ्यात येतात, शिंगावरची छत्री काढतात आणि म्हणतात, “उठ रं हिरामणा, दिस वर आला.” आणि ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी थोडा वेळ खरेच वाट बघतात.