मांडाची माती

आमच्या नदीकाठच्या सांस्कृतिक केंद्राच्या पाटीवर ‘लोककला संवर्धन’ असं वीतभर अक्षरांत लिहिलंय. आत वाढदिवस होतात, साखरपुडे होतात, सकाळी झुंबा होतो. लोककला तेवढी पाटीवर. मी शालिनी, निवृत्त शिक्षिका आणि या केंद्राची सचिव. हे मी तोंडावर बोलून दाखवते, म्हणून अध्यक्ष गुरुदास मला आधी चहा देतात आणि मग विषय काढतात.

यंदा विषय मीच काढला. धालोंचा.

पौषात आमच्याकडे वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका दोन रांगा धरून, समोरासमोर गाणी म्हणत नाचतात, ते धालो. ते कुठेही खेळत नाहीत. त्यासाठी एक अंगण पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं, त्याला मांड म्हणतात. तिथे चप्पल चालत नाही आणि पुरुषही चालत नाहीत. आमच्या वाड्याचा मांड पांडुरंग परबांच्या अंगणात होता. पांडुरंग गेले, मुलं मुरगावच्या बंदरात नोकरीला लागून तिकडचीच झाली, आणि घर विकलं गेलं. नव्या मालकाने अंगणात पोहायचा तलाव खणला. माणूस वाईट नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. सांगायचं कुणी, तर ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून धालो बंद आहेत. मांडावर गाणं उचलणारी मुख्य बाई शेवंती आता थकली. सगळी गाणी तिच्या तोंडी, नव्या सुनांना पहिल्या ओळीपुढे काही येत नाही. शेवंती निजली की धालोही तिच्यासोबत निजणार, हे वाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

म्हणून मी बायकांची बैठक केंद्रातच बोलावली. नदीच्या बाजूचं मोकळं आवार मांडासाठी द्यायचं ठरलं. तिथे घोडं अडलं. लोककलेच्या या घरात हातभर उघडी जमीन नव्हती, सगळीकडे सिमेंटचे ठोकळे. शेण सारवणार कशावर? गुरुदासांनी जरा कुरकुर केली, सरकारी मालमत्ता वगैरे म्हणून झालं, पण अखेर एका कोपऱ्यातले ठोकळे काढायला ते तयार झाले. माणूस चांगला आहे, फक्त ढकलावा लागतो.

शेवंती मात्र मान हलवत राहिली. “मांड असो उचलून हाडूक येना गे. पयल्या मांडाची मूठभर माती तरी जाय. आनी ती मांडावयल्या बायलेच्या हातान आयिल्ली.”

जुन्या मांडाची माती हवी, तीही मांडावरच्या बाईच्या हातून आलेली; आणि ती तर तलाव खणताना टेंपोत भरून कधीच गेलेली.

“माती हाय की माझ्याकडं,” दारातून आवाज आला.

सोनाबाई. बेळगावकडची. नवऱ्याबरोबर बांधकामावर आली आणि आमच्या वाड्यावर भाड्याच्या खोलीत राहिली. तिची मुलं इथल्याच शाळेत माझ्या हाताखाली शिकली. आता ती केंद्राची झाडलोट करते. वाड्याची लेक नाही, सून नाही, म्हणून तिला धालोंना कधी कोणी बोलावलं नव्हतं.

“तळं खणताना आम्हीच होतो कामाला,” ती म्हणाली. “टेंपोत भराय लागले तसं मी मुकादमाला म्हटलं, वरच्या चार पाट्या मला दे. बायकांनी नाचून तुडवल्याली माती, रस्त्याच्या भरावात कशी टाकू द्यायची? दाराम्होरं ठेवली हाय. अबोली लावलीय त्यात.”

बायकांचे चेहरे उजळले. तेवढ्यात सुमंगला, शेवंतीची जाऊ, म्हणाली, “पूण ती उचलली हिणें. ही मांडावयली खंय?”

झालं. उजळलेले चेहरे पुन्हा विझले, आणि एकीलाही सुमंगलेला गप्प करावंसं वाटलं नाही. मलाही सुचलं नाही.

सोनाबाईने केरसुणी भिंतीला टेकवली. “उचलली तवा मांडावरची एकबी बाई तिथं नव्हती, वैनी. मी दुपारपतोर वाट बघितली हुती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवंती उठली आणि तडक घरी गेली. तिला राग आला असं आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी ती नारळ आणि कुंकवाची कुयरी घेऊन सोनाबाईच्या दारात उभी. नव्या सुनेला मांडावर पहिल्यांदा बोलावतात तसं. मला सोबत नेलं होतं, साक्षीला असावं म्हणून. दारात रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले आणि त्यांत अबोली फुललेली.

सोनाबाईने नारळ घेतला नाही. “आक्का, मी परमुलखातली. तुमच्या देवाला चालंल?”

“देवाक काय सांगूचां तां हांव सांगतां,” शेवंती म्हणाली. “तू पदर फुडें कर.”

पौषात, सांज पडता पडता, सोनाबाईने ती माती पाटीत भरून डोक्यावरून आणली आणि स्वतःच्या हाताने कोपऱ्यात पसरली. बायकांनी सारवलं. दिवा लागला. गुरुदासांना त्यांच्याच केंद्राच्या फाटकाबाहेर घालवलं, ते मुकाट्याने नदीकडे तोंड करून बसले. शेवंतीने गाऱ्हाणं घातलं, वाड्यावरच्या एकेका घराचं नाव घेऊन त्याचं बरं मागितलं. सगळी घरं झाली. “आनी जिच्या दारांत आमचो मांड रवलो, त्या सोनाबायच्या घराक बरें कर.” बायका म्हणाल्या, “व्हय गे माये.” सुमंगलाही म्हणाली.

रांगा धरल्या. सोनाबाईला मी माझ्या शेजारी घेतलं. शेवंतीने गाणं उचललं आणि दुसऱ्याच कडव्याला तिचा दम तुटला. सुना एकमेकींकडे बघू लागल्या. एवढं करून सगळं इथेच संपतं की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझ्या कानाशी पुढची ओळ आली, बेळगावी हेल काढून, पण शब्दाला शब्द. मग त्यापुढची. मी हात न सोडता वळून पाहिलं. इतके पौष परबांच्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

शेवंतीचा दम परत आला, पण तिने गाणं परत घेतलं नाही. समोरच्या रांगेतून ती फक्त ओळीमागे ओळ धरून झील देत राहिली.