फुकटचा उतार

गाडी विकणाऱ्या मेकॅनिकनं मला तीच गोष्ट तीनदा सांगितली होती आणि तिन्ही वेळा मी मान डोलावली होती. नुसती नाही, अशी डोलावली होती की जणू त्या गॅरेजमध्येच माझं बालपण गेलंय.

त्याला कारणही होतं. या देशाची भाषा मी शाळेत दोन वर्षं शिकलेय. विमानतळावर उतरल्यापासून घरातलं तोंड म्हणजे मी! एरवी दूध आणायला पाठवताना तीन वेळा बजावणारे बाबा इथे माझ्या मागे उभे राहून "विचार ना गं जरा" म्हणत होते. मी तर हवेतच होते.

दीड महिना भटकायचं आणि भाड्याची गाडी काही परवडेना, म्हणून बाबांनी शक्कल लढवली होती. स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची आणि परत जाताना त्याच मेकॅनिकला देऊन टाकायची. गाडी पिवळट होती. मागचा डावा दरवाजा आतून उघडत नव्हता आणि नेमकी तिथेच धाकटी बसायची.

मेकॅनिक ड्रायव्हरच्या जागेवर बसला, मी त्याच्या शेजारी. त्यानं चालू गाडीची चावी मागे फिरवून इंजिन बंद केलं, ब्रेक दोन-तीनदा दाबून दाखवला आणि पाय झटकला. मग चावी आणखी मागे नेऊन स्टिअरिंग हलवलं. खट्! ते तिथेच अडकलं. मग माझ्यासमोर बोट नाचवत तो भराभर काहीतरी बोलला. त्यातले मला दोनच शब्द कळले, 'चावी' आणि 'नाही'.

"काय म्हणतोय गं?" मागून, डिकीत स्टेपनी तपासता तपासता बाबांनी विचारलं.

"काही नाही हो, सगळं ओके आहे म्हणतोय!"

कळलं नाही असं म्हणायला माझी जीभ वळली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोंगर चढलो. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे प्रत्येक वळणावर "उजवीकडे, बाबा!" ओरडायचं काम माझं. मागे बसून नसलेला ब्रेक दाबायचं काम आईचं. माथ्यावर पोचलो तेव्हा बाबा जाम खूश होते. समोर लांबच लांब उतार होता.

"फुकटचा उतार!" असं म्हणत त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि चावी मागे फिरवली.

घरी बाबा हे कायम करतात. आमच्या पुरातन गाडीचं इंजिन प्रत्येक उतारावर बंद. पेट्रोल वाचवल्याच्या आनंदात ते शीळ घालतात आणि आई म्हणते, "वाचलेल्या पेट्रोलचा एक हार करून घाला मला."

या वेळीही शीळ सुरू झाली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे काहीच नाही. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला बाबांना पाय रेटावा लागला. तिसऱ्याच्या आधी शीळ थांबली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"ब्रेक... दगड झालाय गं."

बाबांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. स्टिअरिंगही जड झालं होतं. दोन्ही हातांनी ते ओढत होते आणि मानेवरच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या. गाडी सुटली होती. भिंत माझ्या खिडकीजवळून सरसर मागे जात होती.

"अहो, हँडब्रेक!"

बाबांना हात सोडवेना. मी ओढला. तो ढिल्या नळाच्या दांडीसारखा वर आला, धरलं काहीच नाही.

"ताई, आपण एवढ्या जोरात का चाललोय?" मागून धाकटी म्हणाली. मला फक्त तिचा न उघडणारा दरवाजा आठवला.

आणि मग ते नाचणारं बोट. बंद इंजिन, दाबलेला ब्रेक, झटकलेला पाय. तीनदा. इंजिन बंद तर या गाडीचा ब्रेकही बंद, तो हेच सांगत होता!

"बाबा, चावी! इंजिन चालू करा!"

"हात निघत नाहीये!"

मी चावीला हात घातला आणि गोठले. एकीकडे फिरवली तर इंजिन सुरू होणार, दुसरीकडे फिरवली तर स्टिअरिंग खट्! आणि समोर वळण. माझ्या बोटांना कुठली बाजू कुठली तेच समजेना. डोळे मिटून मी गॅरेजमधला त्याचा हात आठवला. त्यानं बंद करताना चावी स्वतःकडे वळवली होती. म्हणजे चालू करायला आता माझ्याकडे.

फिरवली. खर्र खर्र खर्र. काही नाही.

"पुन्हा!" आई किंचाळली.

पुन्हा फिरवली. इंजिन खोकलं आणि पेटलं. बाबांचा पाय एकदम खाली गेला, आम्ही सगळे पुढे फेकलो गेलो, मागचं चाक खडीवर घसरलं आणि गाडी भिंतीला आरसा घासत उभी राहिली.

बाबांनी एकेक करून बोटं स्टिअरिंगवरून सोडवली.

"माझंच चुकलं," शेवटी बाबा म्हणाले. "कंजूषपणा नडला."

तिथेच गप्प बसता आलं असतं. बाबांनी सगळं स्वतःवर घेतलंच होतं.

"त्यानं सांगितलं होतं, बाबा," मी म्हणाले. "मला कळलं नव्हतं. मी कळल्यासारखं केलं."

बाबांनी आधी चावीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणखी काय काय कळलं नव्हतं?" आईनं विचारलं.

"बरंच."

उरलेला डोंगर आम्ही पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कंटाळल्या. लॉजसमोरच्या सपाट अंगणात बाबांनी गाडी थांबवली. आईनं उतरून चारही चाकांना विटा लावल्या आणि परत आत येऊन बसली.

"कर बंद," बाबा मला म्हणाले.

"तुम्ही करा ना."

चावी तिथेच होती. इंजिन घुरघुरत होतं. धाकटी झोपेतून उठली आणि म्हणाली, "पोचलो ना? मग उतरत का नाही?"

कुणीच हात पुढे केला नाही.