अकरा सेकंद

विश्राम बॉट आहे, असा ठपका मराठी मंडळाच्या कमिटीने शनिवारी दुपारी अडीच वाजता, झूमवर, रीतसर इतिवृत्त लिहीत त्याच्यावर ठेवला. टार्निटमध्ये राहणारा, गुडघ्याला पट्टा बांधून चालणारा, अठ्ठावन्न वर्षांचा सिव्हिल इंजिनिअर बॉट, म्हणजे आपोआप पत्ते खेळणारं सॉफ्टवेअर, कसा असेल, हे विचारायची सोय नव्हती. पुरावा एक्सेलमध्ये होता. आणि आपल्या लोकांचं तुम्हाला ठाऊकच आहे, एक्सेलमध्ये आलं की विषय संपला.

मेलबर्नचा हा सहावा लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कुणाच्या घरी पाऊल टाकायचं नाही, म्हणून मंडळाने ऑनलाइन पोकर सुरू केला होता. चिप्स खोट्या, भांडणं खरी. गेल्या वर्षी एका जोडप्याने एकाच खात्यावर मिळून खेळून सगळ्यांना धुतलं, तेव्हापासून चौथा नियम आला. एका खात्यावर दोन डोकी सापडली, की दोघंही कायमची बाद.

एक्सेल शिरीषचं. हा मंडळाचा सेक्रेटरी, ग्लेन वेव्हर्लीत राहणारा, दिवसभर कंपनीचा डेटा चाळून पोट न भरलेला माणूस. त्याने स्क्रीन शेअर केली.

"विश्राम, मेट, पर्सनली घेऊ नकोस. पण तुझं खातं दिवसाला अठरा तास चालू असतं. झोपतोस कधी? आणि हा कॉलम बघ. डाव सोडायचा असो की चिप्स लावायच्या असोत, दर वेळी अकरा सेकंद. दुपारी दोनला अकरा, रात्री दोनलाही अकरा. माणूस कधी घाई करतो, कधी रेंगाळतो. हे तर घड्याळ आहे."

विश्रामजवळ उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

त्याची बायको चित्रलेखा मार्च २०२० मध्ये आईच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे म्हणून पुण्याला गेली आणि मागे बॉर्डर बंद झाली. तिकीट चारदा काढलं, चारदा रद्द झालं. सतरा महिने झाले होते. सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉलवर तासतासभर बोलणं व्हायचं. मग अर्धा तास. मग जेवलास का, जेवलो, तू जेवलीस का, जेवले, एवढंच. एकदा तर दोघंही पाच मिनिटं नुसती एकमेकांकडे बघत बसली आणि फोन ठेवला. त्या दिवशी विश्रामला भीती वाटली. व्हायरसची वाटली नव्हती एवढी वाटली. बायको परत येईल तेव्हा आपण एकमेकांचे कोण असू, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात पोकर सुरू झाला. त्याने सहज तिला कॅमेऱ्यातून स्क्रीनवरचे आपले पत्ते दाखवले. जन्मात पत्त्यांना हात न लावलेली ही बाई दोन आठवड्यांत त्याच्यापेक्षा बरी खेळायला लागली. ती म्हणायची, "सोड." तो विचारायचा, "नक्की?" ती म्हणायची, "नक्की." मग तो बटण दाबायचा. सत्तावीस वर्षं त्यांचं असंच चाललं होतं. घर घेताना नक्की, गाडी घेताना नक्की, कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा नक्की. तो झोपायला जायचा तेव्हा पुण्यात जेमतेम संध्याकाळ असायची, मग त्याच्याच खात्यावर पुढे ती खेळायची. दुसऱ्या दिवशी त्या डावांवर बोलता बोलता भाजी करपायची.

आता खरं सांगावं तर चौथा नियम, आणि खेळ कायमचा गेला. गप्प बसावं तर बॉट.

अध्यक्ष लीनाताई जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होत्या आणि काहीही सांगायचं असलं तरी रिपोर्ट वाईट आल्यासारखं सांगायच्या. "हे बघ विश्राम, बॉटबद्दल आपला काही नियमच नाही. कुणाला सुचलंच नव्हतं. तू कबूल केलंस आणि ते सॉफ्टवेअर आमच्यासमोर काढून टाकलंस, तर एक महिना बाहेर बस आणि परत ये."

विश्रामने बाजूला पाहिलं. कॅमेऱ्यात दिसणार नाही असा टॅबलेट तूरडाळीच्या बरणीला टेकवून ठेवला होता आणि त्यात चित्रलेखा सकाळचा चहा घेत सगळं ऐकत होती. तिने मान डोलावली. त्याने भुवया वर केल्या. तिने पुन्हा डोलावली.

"आहे बॉट," विश्राम म्हणाला. "वापरतो मी."

शिरीषचा चेहरा एकदम उजळला. इतके दिवस ज्याला पकडायला तो जिवाचं रान करत होता, त्याच्याबद्दल आता त्याला आदर वाटायला लागला. "अरे, काय खेळतं ते! आणलंस कुठून?"

"पुण्याहून."

"वाटलंच," शिरीष म्हणाला.

बरणीजवळ चित्रलेखाला चहाचा ठसका लागला. विश्रामने स्वतःच खोकल्यासारखं केलं. लीनाताईंनी टेस्ट करून घ्यायला सांगितलं. मग त्याने स्क्रीन शेअर करून, तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेला अँटिव्हायरस सर्वांसमक्ष काढून टाकला. इतिवृत्तात तशी नोंद झाली, अनुमोदनही मिळालं.

मीटिंग संपली. विश्रामने टॅबलेट समोर ओढला. महिनाभर आता पत्ते नाहीत.

"जेवलास का?" चित्रलेखाने विचारलं.

"जेवलो."

आता फक्त 'तू जेवलीस का' उरलं होतं. तीच जुनी भीती पुन्हा वर आली. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून तो शिरीषचा तक्ता आठवत बसला आणि त्याच्या लक्षात आलं.

"ए, एक सांग. रात्री मी झोपलेला असायचो, तू एकटी खेळायचीस. मग तेव्हाही अकरा सेकंद कसे?"

चित्रलेखाने कप खाली ठेवला.

"थांबायचे मी."

"कशाला?"

"तू नक्की विचारतोस, त्याला वेळ लागतो ना. तेवढं झाल्याशिवाय माझं बोट पुढेच जायचं नाही."

विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने लपवलं नाही, कारण झूमवर आता कुणी नव्हतं. बोलायला मात्र त्याला त्या घटकेला एकच शब्द सुचला.

"नक्की?"

"नक्की," ती म्हणाली.